शंभर टक्के निकालाचं वर्ष

आमच्या कॉलेजात बारावीला गणित शिकवायला जे सर होते, त्यांना मी इथे माळगे सर म्हणणार आहे. हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं लिहायला माझी काहीच हरकत नव्हती, नसरीनची होती. नसरीन माझी तेव्हाची मैत्रीण. आमच्याच गल्लीत राहायची आणि कॉलेजात माझ्याच बाकावर बसायची. आता ती मुलाकडे असते, गुडघे दुखतात म्हणून खाली बसत नाही, आणि रविवारी दुपारी मला फोन करते. "मी बारावीचं लिहायला घेतलंय, त्यात सरही येणार," असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिख, लेकिन नाम मत लिख. उनो मर गए." मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही. माणूस मेला म्हणून त्याने तपासलेले पेपर सुधारत नाहीत. तरी नाव बदललं, कारण या सगळ्यात ज्याचं खरोखर काही गेलं ते तिचं गेलं. मग तिचं एवढं तरी ऐकावं.

सोलापुरात भवानी पेठेच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. दोन्ही बाजूंना मागाचे कारखाने आणि मधे आमची पत्र्याची घरं. मागांचा खडखडाट आम्हाला ऐकूही यायचा नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबायचे आणि अख्खी गल्ली ओरडून बोलताना उघडी पडायची. कुणाचं भांडण, कुणाची चहाडी, सगळं एका क्षणात चौकात. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या यार्डात पॉइंटमन होते. गाड्यांना रूळ बदलून देणारा हा माणूस घरात मात्र कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. ते आईचं काम होतं. आई कडक भाकरी करून खानावळींना द्यायची. पहाटेपासून तिचा परातीवरचा थापटा चालू असायचा, आणि भाजलेल्या भाकरी चुलीभोवती उभ्या करून ठेवलेल्या असायच्या, निखाऱ्याच्या धगीत कडक व्हायला. घरभर ज्वारीचा खरपूस वास. पिठाच्या डब्यावर वही ठेवून मी अभ्यास करायची. माझ्या सगळ्या वह्यांना पिठाचा हात लागलेला होता. भूक लागली की एक भाकरी मोडायची, वर शेंगाची चटणी आणि कच्चं तेल. नसरीन आली की तिलाही तेच. तिच्या घरून कधी डाळ-मटणाचा दालचा यायचा, त्या दिवशी अण्णा दोनदा हात धुवून बसायचे.

माळगे सर कसे होते हे सांगायचं तर आधी त्यांचा फळा सांगावा लागेल. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती. तिच्यात पाच ओळी: सारणी, बेरीज, सूत्र, किमती घालणे, उत्तर. चौकटीखाली लिहिलेलं, "पुसू नये." वर्षभर ते कुणी पुसलं नाही. मराठीच्या बाईसुद्धा उरलेल्या फळ्यावर कविता शिकवायच्या. संख्याशास्त्राचं गणित कुठलंही असो, मध्य म्हणजे सरासरी असो, मध्यक म्हणजे मधला आकडा असो, प्रमाण विचलन असो, त्या पाच पायऱ्यांवरून चढायचं आणि उतरायचं. सूत्राला पेन्सिलीने चौकट. उत्तराला दोन रेघा. रेघा नसल्या तर गुण कापायचा. संख्याशास्त्राबद्दल सरांना फारसा आदर नव्हता. कलनशास्त्र हे त्यांच्या मते खरं गणित. संख्याशास्त्र म्हणजे ज्यांना डोकं नाही त्यांच्या ताटात बोर्डाने वाढलेला दहीभात. हुशार मुलांनी तो शेवटच्या अर्ध्या तासात खायचा, ढ मुलांनी त्यावरच पोट भरायचं. कठीण धडे ढ मुलांनी ऑप्शनला टाकायचे, म्हणजे उघडायचेच नाहीत, असा त्यांचा सल्ला होता. शिकवण्याचे कष्ट वाचवायला त्यांच्याकडे हा शब्द फार सोयीचा होता.

नसरीनने त्यांना एकदा विचारलं, "सर, मध्य काढून करायचं काय?"

सर म्हणाले, "पेपरात लिहायचं."

वर्ग हसला. सरांना वाटलं, त्यांच्या विनोदाला हसला. माझी खात्री आहे की तो विनोद नव्हता. त्यांना खरोखरच तेवढंच माहीत होतं. "कोणते परिमाण योग्य आहे ते सकारण सांगा," असा एक प्रश्न अधूनमधून यायचा. त्याला त्यांनी एकच वाक्य उतरवून दिलेलं होतं: "मध्य हे सर्वात विश्वसनीय परिमाण आहे कारण ते सर्व निरीक्षणांवर आधारित असते." माहिती कसलीही असो, उत्तर हेच. माझी नात हल्ली मोबाइलवर गणित शिकते. भडक शर्टातला एक तरुण तिच्यावर ओरडत असतो की हा प्रश्न फिक्स आहे, हे वाक्य पाठ करा, बाकी सोडा. मी तिला म्हटलं, या माणसाला मी ओळखते. तिला वाटलं आजीला भ्रम झाला.

सहामाहीच्या पेपरात सरांनी एक गणित घातलं होतं. बालवाडीची सहल निघाली आहे, बसमधल्या प्रवाशांची वयं सारणीत दिली आहेत, मध्य काढा आणि कोणते परिमाण योग्य ते सांगा. सारणीत एका बाजूला चार-पाच वर्षांची पोरं होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांना सांभाळायला आलेल्या चाळिशीच्या पुढच्या बाया. मी आकडेमोड केली, मध्य आला बारा वर्षं. मी ते उत्तर पाहत राहिले. त्या बसमध्ये बारा वर्षांचं कुणीच नव्हतं. बारा वर्षांच्या मुलांना ना बालवाडीत घेतात ना बालवाडी सांभाळायला. मला हसू आलं आणि मी सरांचं वाक्य न लिहिता माझं लिहिलं: मध्य बारा येतो, पण या बसमध्ये बारा वर्षांचा एकही प्रवासी नाही, म्हणून इथे मध्य उपयोगाचा नाही, मध्यक घ्यावा, तो निदान बसमधल्या पोरांच्या वयाचा तरी येतो. हे लिहिण्याच्या नादात सूत्राला चौकट करायची राहिली आणि दोन पायऱ्या मी एका ओळीत उरकल्या.

पेपर वाटताना सरांनी माझा पेपर वर धरला. "रंजना कुठाय? उभी राहा. ऐका, ही काय लिहिते." त्यांनी ते वाचून दाखवलं, बोबड्या आवाजात, म्हणजे मी चार वर्षांची असल्यासारखं. मग म्हणाले, "बारा वर्षांचं कुणी नाही म्हणे. मी काय आता बसमध्ये चढून बघू?"

"चढायला नको सर," मी म्हटलं, "सारणीत दिसतंय."

वर्ग परत हसला, आणि या वेळी ते कुणाला हसले हे सरांनाही कळलं. त्यांनी पेपर माझ्या बाकावर टाकला. सगळ्या गणितावर आडवी लाल रेघ, शून्य, आणि बाजूला एक शब्द: शहाणपणा. मला मराठी येत असल्यामुळे तो शब्द चांगला आहे असं मला वाटलं. पण त्या शून्यामुळे आणि इतर ठिकाणी चौकटींवरून कापलेल्या गुणांमुळे मी उत्तीर्णाच्या रेषेखाली गेले. नसरीनही गेली. तिचं कलनशास्त्र खरंच कच्चं होतं, पण संख्याशास्त्रात ती माझ्यापेक्षा नेटकी होती. वर्ग तोंडी करायची, सारणी अशी आखायची की छापल्यासारखी वाटावी.

आता कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीबद्दल सांगायला हवं. तिच्यावर पेंटरने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "शंभर टक्के निकालाची परंपरा." ती परंपरा किती जुनी होती कोण जाणे, रंग मात्र नवा होता. पाटी आधी रंगवून घेतली आणि मग निकाल तिच्या मापाने कापायला घेतला, असाच तो प्रकार होता. सहामाहीनंतर सरांनी काही मुलामुलींची नावं वाचली आणि आईवडिलांना घेऊन या म्हणाले. त्या नावांत मी होते, नसरीन होती, विडी कामगारांची दोन-तीन पोरं होती. जे सरांच्या घरी सकाळच्या क्लासला जात त्यांतलं कुणीही नव्हतं, आणि त्यांच्यातले काही जण आमच्याही खाली होते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला तर पानभर शून्यं होती. त्याचं नाव आलं नाही. तो आम्हाला म्हणाला, "काय केलंत गं तुम्ही?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

आई आणि अण्णा दोघं आले. आईच्या कोपराला पीठ होतं, ते मी वाटेत पुसलं. नसरीनचे अब्बाही आले. ते शिंपी होते, आणि सरांचे सफारी त्यांच्याच मशीनवर शिवलेले. सर प्रयोगशाळेच्या खोलीत बसले होते. समोर टाइप केलेले अर्ज. मी माझ्या मर्जीने माझ्या पाल्याचा दाखला मागत आहे, असं त्यांवर लिहिलेलं. मर्जी टाइप करून ठेवली होती, फक्त सही हवी होती.

सर फार गोड बोलले. त्यांचा तो आवाज वर्गात आम्ही कधी ऐकला नव्हता. "मुलीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच मी सांगतोय. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसेल. तिच्यावर दडपण नाही, हजेरी नाही."

आईने विचारलं, "बाहीरनं म्हंजी कुटनं?"

"म्हणजे परीक्षा तीच, पेपर तोच. फक्त आपल्या कॉलेजचं नाव नसतं."

"आन नाव असलं तर काय हुतं?"

"काही होत नाही. पण तिच्या सोयीचं नाही."

"तिला तर हितंच सोयीचं हाय. घरापासनं जवळ हाय."

सरांनी अण्णांकडे पाहिलं. घरातला पुरुष हाच असणार असा त्यांचा हिशेब. अण्णांनी खिशातलं पेन काढलंच होतं. रेल्वेत साहेबाने कागद पुढे केला की सही करायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. रागाने नाही, ताटात माशी बसली तर उडवावी तसा.

"सर, पोरगी नापास हुईल म्हंता?"

"शक्यता आहे."

"मग हुऊ द्या की. दोन वरसं हितं आली, हितंच शिकली. नापास व्हायला आता दुसरीकडं कशाला धाडू?"

सर म्हणाले, "तुम्हाला समजत नाहीये. संपूर्ण कॉलेजच्या निकालाचा प्रश्न आहे." हे ते बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण खरं बोललो. त्यांनी लगेच सोय, दडपण, मुलीचं भलं, हे सगळे शब्द पुन्हा एकदा गोळा केले, पण तोवर आई उठली होती. "चला," ती अण्णांना म्हणाली, "तुमची डूटी हाय." अण्णांनी पेन खिशात ठेवलं आणि सरांना नमस्कार केला. त्या नमस्काराचा मला वर्षभर राग होता. आता नाही. त्यांनी सही केली नाही, हे त्यांच्यासारख्या माणसासाठी बंड होतं.

नसरीनच्या अब्बांनी सही केली. सरांनी त्यांना खुर्ची दिली, मास्टर म्हणून हाक मारली, आणि मुलगी नापास झाली तर तिचं नाव चारचौघांत येईल असं हळू आवाजात सांगितलं. आपल्या कायमच्या गिऱ्हाइकाला, तेही कॉलेजातल्या सरांना, नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरी जाताना ते सगळ्यांना सांगत होते, "सर ने खुद कुर्सी दी." त्या खुर्चीचं वर्णन मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. नसरीन त्या रात्री जेवली नाही एवढं मला तिच्या अम्मीकडून कळलं.

मी कॉलेजात जात राहिले. सरांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि माझ्या वह्या तपासणं बंद केलं. "परंपरा मोडली तर नाव कुणाचं येईल ते वर्गाने लक्षात ठेवा," एवढं ते आठवड्यातून एकदा म्हणायचे. मी त्यांच्यावर एकच सूड उगवू शकत होते, तो मी उगवला. त्यांच्या पाच पायऱ्या मी अशा घोटल्या की त्यांच्या क्लासच्या एकाही पोराला आल्या नसत्या. चौकट पट्टीने. दोन रेघा समांतर. सूत्र वेगळ्या ओळीत. देवळात प्रदक्षिणा घालावी तशी मी त्या सारण्यांभोवती फिरले, मनात काडीची भक्ती नसताना. संध्याकाळी नसरीनच्या ओट्यावर आम्ही दोघी बसायचो. दिवसभरात वर्गात जे झालं ते मी तिला सांगायची. बऱ्याचदा ते सांगायला एक मिनिट पुरायचं, आणि मग खरा अभ्यास सुरू व्हायचा. मध्यक म्हणजे रांगेतला मधला माणूस, हे आम्ही गल्लीतल्या नळावरच्या रांगेवरून समजून घेतलं. विचलन म्हणजे कोण किती लांब उभा आहे, हे मागाच्या आवाजात एकमेकींना ओरडून सांगितलं. आतून अम्मी चहा द्यायची. नसरीनचं कलनशास्त्रही हळूहळू सुधारलं. त्या वर्षी ती पास झाली असती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही.

मग तिचं हॉल तिकीट आलं. बाहेरून बसणाऱ्यांचं केंद्र अक्कलकोटला होतं.

आज कुणी म्हणेल, अक्कलकोट काय, तासाभराचा रस्ता. पण तेव्हा त्या घरातली मुलगी एकटी एसटीत बसून कधी कुठे गेली नव्हती, आणि अब्बांना दुकान बंद ठेवून रोज जाणं परवडणारं नव्हतं. तिच्या मोठ्या भावाने तर विचारायच्या आधीच नाही म्हटलं. आई त्यांच्याकडे गेली. "मी जाते की तिच्या संगट," ती म्हणाली, "भाकरी काय, पहाटं उरकंल." अब्बा म्हणाले, "नको बाई, तुमाला कशाला तरास." आईने तीन वेळा विचारलं, ते तीन वेळा नको म्हणाले, दर वेळी अधिक अदबीने. बाहेर येऊन आई म्हणाली, "लई गोड नको म्हंतो माणूस." मी माळगे सरांकडे गेले. केंद्र बदलून मिळतं का, कॉलेजने एक पत्र दिलं तर चालेल का, असं विचारलं. सर म्हणाले, "ती आता आपली विद्यार्थिनी नाही." कापसाचा बोळा टाकून द्यावा तसं त्यांनी ते म्हटलं आणि ते परत खडूचे तुकडे वेगवेगळे करायला लागले, पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे.

बोर्डाच्या गणिताच्या पेपरला मी बसले तेव्हा नसरीन घरी होती. संख्याशास्त्राच्या विभागात सकारण सांगा आलंच. या वेळी कुठल्याशा गावाच्या पावसाची माहिती होती. बहुतेक वर्षं कोरडी आणि एक वर्ष अतिवृष्टीचं. आकडे बघून वाटलं सोलापूरचंच असावं. मी पाचही पायऱ्या चढले. चौकट केली. रेघा मारल्या. आता शेवटचं वाक्य. सरांचं वाक्य माझ्या हातात तयार होतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आईने माझ्यासाठी सरांचा कागद परत केला होता, आणि मी इथे शहाणपणा करून शून्य घेऊन गेले तर तिला काय वाटेल. मी पेन टेबलावर ठेवून थोडा वेळ बसून राहिले. पर्यवेक्षक बाई दोनदा शेजारून गेल्या. मग मी लिहिलं की त्या एका ओल्या वर्षामुळे मध्य फुगला आहे, या मध्यावर भरवसा ठेवून कुणी पेरणी केली तर हाती काही लागणार नाही, म्हणून मध्यक घ्यावा. तपासणाऱ्याने ते वाचलं की नुसत्या पायऱ्या बघून पुढे गेला, मला माहीत नाही. बहुधा पायऱ्या बघितल्या. अशा लोकांचा मला पुढे नोकरीत पुष्कळ अनुभव आला. मी आयुष्यभर आकडेवारीचंच काम केलं, आणि आकड्याला चौकट असली की आत काय आहे हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला.

निकाल लागला. कॉलेजचा शंभर टक्के. पाटीवरची अक्षरं पुन्हा रंगवली, या वेळी सोनेरी. आणि गणितात कॉलेजातून पहिली मी आले. हे ऐकून माळगे सरांनी जो चेहरा केला तो मला बघायला मिळाला नाही याची हळहळ मला अजून आहे. मला मिळाला तो नंतरचा चेहरा, सत्काराचा. त्यांनी मला बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. मी हिच्यावर मुद्दाम कठोर राहिलो." पेढ्यांचा पुडा पुढे आला. क्लासच्या जाहिरातीत छापायला माझा फोटोही त्यांना हवा होता.

मी विचारलं, "सर, शंभर टक्के नसरीनला धरून आहेत का?"

सर गडबडले नाहीत. असे लोक गडबडत नाहीत. "जे परीक्षेला बसत नाहीत त्यांना मोजत नाहीत," ते म्हणाले. "एवढं संख्याशास्त्र तरी तुला यायला हवं."

हे बरोबर होतं. हाच त्यातला सगळ्यात घाणेरडा भाग होता. वर्षभरात त्यांनी मला संख्याशास्त्राबद्दल सांगितलेली ही एकच खरी गोष्ट. मी फोटो दिला नाही. पेढा मात्र खाल्ला, कारण आदल्या दिवशीपासून मी नीट जेवले नव्हते, आणि पेढा चांगला होता.

तिथून मी सरळ नसरीनकडे गेले. प्रश्नपत्रिका तिने कधीपासून मागितली होती, मी देत नव्हते. त्या दिवशी घेऊन गेले. ती ओट्यावर बसून शेवया वाळत घालत होती. हात पुसले, पेपर मांडीवर घेतला आणि बाकी सगळं सोडून संख्याशास्त्राच्या पानावर गेली. एक प्रश्न असा होता की एका स्पर्धेत दोन परीक्षकांनी स्पर्धकांना क्रम दिले आहेत, तर दोघांचं मत कितपत जुळतं ते काढा. मी तो सोडवला नव्हता, दुसरा निवडला होता. नसरीनने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पेपरच्या पाठीवर सारणी आखली, पट्टीशिवाय, आणि तरी सरळ. फरक काढले, वर्ग तोंडी केले, बेरीज मांडली. सूत्राला चौकट केली. उत्तर उणे आलं, म्हणजे दोन्ही परीक्षकांची मतं एकमेकांच्या उलट. उत्तराखाली तिने दोन रेघा मारल्या आणि मला म्हणाली, "बघ. बराबर हाय?"

मी तपासलं. "बरोबर आहे."

"पायऱ्या?"

"सगळ्या."

"तर मार्क दे की."

मी पूर्ण गुण लिहिले, गोल केला, आणि खाली सरांची लांब शेपटीची सही ठोकली. नसरीनने ती सही पाहिली आणि तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की शेवयांवरचं फडकं खाली पडलं. तेवढ्यात वीज गेली, माग थांबले, आणि आमचं हसणं सगळ्या गल्लीत ऐकू जायला लागलं.

आतून अम्मीने विचारलं, "क्या हुआ गे? इत्ता क्या हसरे?"

"कुछ नै अम्मी," नसरीन डोळे पुसत म्हणाली, "मैं पास हुई."

"अब पास होके क्या करती," अम्मी आतूनच म्हणाली. "जुम्मे को वो लोगां शादी की तारीख पक्की करने आरे. सेवइयां सूखी क्या देख पहले."

मी नसरीनकडे पाहिलं. ती खाली वाकून फडकं उचलत होती. ते तिने दोनदा झटकलं, शेवयांवर नीट पसरलं, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "विजापूरचे हायत."